गांगेश्वरच्या ढालीचं वर्ष

घाटकोपरच्या भटवाडीत नळावरचं भांडण असो की दोन भावांमधलं, ते शेवटी काशीराम धुरीच्या दारात यायचं. काशीराम शिकलेला नव्हता. कुर्ल्याच्या गिरणीत साच्यावर कापड विणणारा माणूस, एका पायाने जरा लंगडा. पण तो खोटं बोलत नाही, एवढी एक गोष्ट सगळ्या चाळीला ठाऊक होती. "काशीराम म्हणाला ना? मग झालं," असं म्हणून लोक भांडण मिटवायचे.

त्याच्या बायकोला, रुक्मिणीला, या खरेपणाचा काच माहीत होता. एकदा शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले. जाता जाता त्यांनी काशीरामला सहज विचारलं, मुलगी कशी आहे? काशीराम म्हणाला, "गुणाची आहे. संध्याकाळनंतर तिला दिसत नाही तेवढंच." लग्न मोडलं. शेजारीण रुक्मिणीशी वर्षभर बोलली नाही, आणि वर्षभर रुक्मिणीने नवऱ्याला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. असा माणूस आपल्या वाट्याला आला, असं ती धरून चालली होती.

त्यांना मूल नव्हतं. दोन बाळंतपणं झाली, पण पाळणा दोन्ही वेळा महिनाभरही हलला नाही. त्याआधीच, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, सासू वारल्यावर काशीरामचा धाकटा भाऊ सहदेव मालवणहून बोटीने आला होता. सहा वर्षांचा, नाक गळणारा, आईच्या लुगड्याचा तुकडा मुठीत धरलेला. रुक्मिणी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. तिने त्याला पोटाशी घेतला तो घेतलाच. तो तिला वयनी म्हणायचा, पण ताप आला की आई म्हणून हाक मारायचा.

काशीरामला हुतूतूचं वेड होतं. पाय असा, त्यामुळे स्वतः कधी खेळला नाही. लोक नव्या नावाने कबड्डी म्हणू लागले तरी त्याच्या तोंडी हुतूतूच. त्याने भावाला तयार केला. सहदेवने नळावरून भरली कळशी खांद्यावर घ्यायची आणि जिना चढून घरात ठेवेपर्यंत एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं. काशीराम जिन्याच्या वर उभा, रुक्मिणी दुसरी कळशी घेऊन मागे. दोघांचे कान त्या आवाजावर. वर्षानुवर्षं ऐकून त्या दोघांना सहदेवचा दम इतका पाठ झाला होता की शेवटी शेवटी तो अगदी बारीक होई, परक्याला वाटावं संपला, तरी त्या दोघांना कळायचं की अजून आहे. "गोमाशी गुणगुणता तसो," रुक्मिणी म्हणायची.

तेविसाव्या वर्षी सहदेव श्री गांगेश्वर क्रीडा मंडळाचा पहिल्या चढाईचा गडी झाला होता.

चोपन्न सालची दिवाळी झाली आणि मंडळांच्या स्पर्धा सुरू झाल्या. दर रविवारी कुठं ना कुठं सामना. कधी मुलुंड, कधी भांडुप, कधी बोरिवली. सामना जिथं असेल तिथं धुरींचं बिऱ्हाड हजर. रुक्मिणी पहाटे उठून घावणे घालायची, काळ्या वाटाण्याची उसळ डब्यात भरायची. सहदेवला सामन्याआधी खायला देत नसत, म्हणून त्याचा वाटा वेगळा बांधलेला. घोटा मुरगळला तर आंबेहळदीची पुडीही बरोबर असायची. मैदानाभोवती बायका फारशा नसायच्या. सुरुवातीला ती पदर डोक्यावरून घेऊन झाडाखाली बसायची. पौष लागेपर्यंत ती सरकत सरकत चुन्याच्या रेषेपाशी येऊन बसू लागली आणि पकड फसली की "अरे, पाय धर त्याचो, पाय!" असं ओरडू लागली. मंडळाचे चिटणीस अण्णा गमतीने म्हणायचे, "वहिनी आल्या ना? मग करा रे सुरू सामना."

नाताळ झाल्यावर गोराईला सामने होते. बोरिवलीहून पडावात बसून खाडी ओलांडून गेले. तिथं वाळूवर मैदान आखलं होतं. सहदेवने एका चढाईत चार गडी मारले. गावचे लोक नाचायला लागले, कुणी त्याच्या गळ्यात कागदी फुलांची माळ घातली. परतताना पडावात काशीरामने ती चढाई सगळ्यांना पहिल्यापासून सांगितली. सगळ्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती, तरी त्याने सांगितली. सांगताना तो तोंड उघडून हसत होता. रुक्मिणीला वाटलं, लग्नाला अठरा वर्षं होत आली, हा माणूस असा हसतो हे मला आजच कळतंय.

त्याच आठवड्यात सहदेव घरी लवकर आला. काशीराम पाळीवर गेला होता. रुक्मिणी सुकट निवडत बसली होती.

"वयनी, तुका एक सांगूचा आसा. दादाक बोलू नको."

"सांग."

"मुलुंडच्या डब्यांच्या कारखान्यात माका नोकरी देतत. मॅनेजरान माझो खेळ बघलान. कायम नोकरी. रवाक खोली पण."

"कायम?" रुक्मिणीचे हात थांबले.

"कायम. पण त्येंच्या संघातसून खेळूचा लागतला. अजिंक्यपदाक नावां ह्याच महिन्यात जातत."

पाच वर्षं सहदेव गिरणीत बदली कामगार होता. रोज उजाडता गिरणीच्या दारात उभं राहायचं. कुणी रजेवर असेल तर काम, नाहीतर घरी. परळच्या एका घरातून मुलगी जवळजवळ ठरली होती, पण 'बदलीवाल्याला मुलगी कशी द्यायची' म्हणून त्यांनी पाठ फिरवली. त्या दिवशी सहदेव जेवताना खाली बघून जेवला होता, ते रुक्मिणी विसरली नव्हती.

"घे," ती म्हणाली. "इचार करू नको. दादाक मी सांगू?"

"नको. माझ्या तोंडान सांगतंय."

पण त्याने सांगितलं नाही. रोज संध्याकाळी तो भावाशेजारी बसायचा, तोंड उघडायचा, आणि काशीराम म्हणायचा, "ह्या वर्षी ढाल आपली, सहदेवा. तुझ्या दमार आसा सगळा." मग बोलणं पकडीवर जायचं, चढाईवर जायचं. असे आठ दिवस गेले. रुक्मिणी बघत होती. तिलाही सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. त्याचं तो सांगेल म्हणून गप्प राहिली.

नवव्या दिवशी अण्णा जिना चढून वर आले. हातात अजिंक्यपदाला गेलेल्या नावांची यादी.

"काशीराम, तुझ्या भावानं आपली वाट लावली रे."

काशीरामने यादी दोनदा वाचून घेतली. अण्णा गेले. तो रुक्मिणीकडे वळला.

"तुका ठावक होता?"

"होता."

त्याने वाढलेलं ताट पुढे सारलं आणि मोरीत जाऊन हात धुतले. संध्याकाळी सहदेव आला तेव्हा तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "आठ दिवस माझ्या बाजूक बसान जेवलंस."

"दादा, मी सांगणार होतंय—"

"आठ दिवस."

दुसऱ्या दिवशी सहदेव वळकटी घेऊन मुलुंडला गेला. रुक्मिणी जिन्यापर्यंत गेली. काशीराम खिडकीत उभा होता, पण रस्त्याकडे पाठ करून.

उपनगर अजिंक्यपदाचे सामने सुरू झाले. काशीरामने एकही चुकवला नाही, आणि त्याच्याबरोबर रुक्मिणीनेही. पण आता डबा लहान झाला होता. सहदेव गेल्यावर गांगेश्वर दुसऱ्याच फेरीत आटोपणार असं सगळे धरून होते. दशरथ नावाच्या उंच, अबोल कर्णधाराने मात्र संघ सावरला. एकेक सामना दात-ओठ खाऊन जिंकत पोरं अंतिम फेरीत आली. दुसऱ्या बाजूने आला तो डब्यांचा कारखाना. सहदेवच्या चढायांवर.

शिमगा होऊन गेला होता. अंधेरीला, वर्सोव्याच्या रस्त्यालगतच्या मैदानावर रविवारी दुपारी अंतिम सामना. भटवाडीतून एक लॉरी भरून निघाली. साकीनाक्याला चहासाठी थांबली तेव्हा पोरं ढोल वाजवत होती. काशीराम लॉरीतून उतरला नाही. रुक्मिणीने चहाचा पेला वर दिला, तो तिने तसाच परत घेतला.

मैदानावर पोचले तर एक अडचण उभी राहिली होती. दोन रेषापंचांपैकी एक आलाच नव्हता. मुख्य पंच विद्याधर मास्तर, शाळेत शिकवणारे, शिस्तीचे. त्यांनी दोन्ही संघांना बोलावलं. अण्णांनी काशीरामचं नाव घेतलं. कारखान्याचा कर्णधार लगेच म्हणाला, "धुरी चालतील आम्हाला. ते खोटं बोलायचे नाहीत."

काशीराम मागे सरला. "नको, मास्तर. माझा भाऊ आहे तिकडं."

"आणि मंडळ इकडं," मास्तर म्हणाले. "तुमच्याइतका मधला माणूस मला आज कुठं मिळणार?"

त्यांनी शिट्टी त्याच्या हातात दिली. काशीराम मध्यरेषेच्या टोकाशी उकिडवा बसला. त्याच्या मागे दोन हातांवर गोणपाट टाकलं होतं, तिथं रुक्मिणी बसली. दोन्ही संघ आत आले. सहदेवच्या अंगात निळा बनियन होता. त्याने माती कपाळाला लावली, मग येऊन भावाच्या पायांना हात लावायला वाकला. काशीरामने पाय मागे घेतले नाहीत. पण हातही ठेवला नाही डोक्यावर.

सामना असा झाला की अंधेरीची माणसं पुढे कितीतरी दिवस त्याविषयी बोलत होती. कधी हे दोन गुणांनी पुढे, कधी ते. काशीराम आपलं काम चोख करत होता. गांगेश्वरच्या एका गड्याचा पाय बाहेर पडला तेव्हा पहिला हात त्याचाच वर गेला, आणि अण्णांनी कपाळावर हात मारला. रुक्मिणीला त्याही घालमेलीत बरं वाटलं.

शेवटचं मिनिट उरलं. गांगेश्वर एका गुणाने पुढे. कारखान्याची शेवटची चढाई, आणि ती करायला सहदेव आला.

तो गेला तो थेट कोपऱ्यापर्यंत गेला. एकाला हाताने शिवला, वळताना दुसऱ्याला पायाने. आणि परत फिरणार एवढ्यात दशरथने त्याचा घोटा धरला. वर आणखी दोघं पडले. सहदेव मातीत आडवा. लोक उभे राहून इतके ओरडत होते की विद्याधर मास्तरांना काही ऐकू येणं शक्य नव्हतं. सहदेव तिघांना ओढत, कोपरांवर सरकत रेषेकडे येऊ लागला. अगदी काशीरामच्या समोर. त्याच्यापासून हातभर अंतरावर.

रुक्मिणीला तो आवाज आला. बारीक. गोमाशीसारखा. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर यायचा तसा. तुटला नव्हता. सहदेवची बोटं लांबली, रेषेच्या चुन्यात रुतली, आणि तरी तो आवाज होता.

काशीरामचा हात वर गेला.

"दम तुटला!" तो ओरडला. "आधी तुटला!"

शिट्टी वाजली. दोन्हीकडून कल्लोळ उठला. कारखान्याचा कर्णधार धावत आला. मास्तरांनी दोन्ही हातांनी सगळ्यांना मागे सारलं आणि खाली वाकले.

"सहदेव, मला ऐकू आलं नाही. तूच सांग. दम होता?"

सहदेव मातीतच बसला होता. त्याने भावाकडे पाहिलं. काशीरामची नजर रेषेवर होती, वर येत नव्हती. मग सहदेवची नजर भावाच्या खांद्यावरून मागे गेली आणि रुक्मिणीवर थांबली. तो बघत राहिला, तापात बघायचा तसा. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

हो म्हणावं तर पाच हजार माणसांसमोर आपला नवरा खोटा पडतो. रुक्मिणीने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

"दादा म्हणतोय ते खरं, मास्तर," सहदेव म्हणाला.

गांगेश्वर मंडळाने पहिल्यांदा उपनगरची ढाल जिंकली. गुलाल उधळला, दशरथला खांद्यावर घेतलं, काशीरामच्या कपाळाला कुणीतरी गुलाल फासला. लॉरी वाजत-गाजत निघाली. रुक्मिणीने वळून पाहिलं तेव्हा निळे बनियन घातलेली पोरं एकीकडे घोळका करून उभी होती आणि सहदेव दुसरीकडे, एकटा, पायातली माती झाडत.

कारखान्यात बोलणं उठलं की सहदेव आपल्या जुन्या मंडळाला फितूर झाला. भावाभावांनी संगनमत केलं. दम होता हे त्याच्याच संघातल्या दोघांनी ऐकलं होतं. मग यानं कबूल का केलं? नोकरी कायम होती, पण सहा महिने कच्ची होती. चौथ्या दिवशी त्याला काढलं.

ती बातमी भटवाडीत यायच्या आधीच, तिसऱ्या दिवशी दुपारी, काशीराम पाळी टाकून घरी आला होता. रुक्मिणी तांदूळ पाखडत होती. तो उंबऱ्यावर बसला.

"दम तुटलो नव्हतो," तो म्हणाला.

"माका म्हायत आसा."

तिने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले.

"मग बोललंस कित्याक नाय?"

"तुमी खोटे पडले आसतात."

काशीरामने तोंडावरून हात फिरवला. "त्येची बोटां रेषेक लागली, आणि माका वाटला, आता हो कायमचो त्येंचो झालो. हात कसो वर गेलो माका कळलाच नाय, रुक्मिणी."

तिला वाटलं, जवळ जावं, पाठीवर हात ठेवावा. पण तिचे हात सुपावरून निघाले नाहीत.

सहदेवला काढल्याचं कळल्यावर काशीराम कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहिला. मॅनेजर भेटले नाहीत. पहारेकऱ्याने सांगितलं, सहदेव खोली सोडून गेलाय, कुठं ते ठाऊक नाही. तिथून तो विद्याधर मास्तरांकडे गेला आणि सगळं कबूल केलं. मास्तरांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला.

"काशीराम, हे तुम्ही त्या घटकेला बोलायचं. खेळाडूनं स्वतः कबूल केल्यावर पंच निकाल फिरवू शकत नाही. आणि आता फिरवून तो परत येईल?"

अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "भावाच्या काळजीनं तुझं डोकं फिरलंय. घरी जा, झोप काढ." चाळीत त्याने आपणहून दोघा-चौघांना सांगून पाहिलं. कुणी विश्वास ठेवला नाही. काशीराम खोटं बोलत नाही, हे लोकांच्या मनात इतकं पक्कं होतं की तो खोटं बोललो म्हणाला तेही त्यांना खरं वाटेना. नळावरची भांडणं पूर्वीसारखीच त्याच्या दारात येऊ लागली. तो दार लावून घ्यायचा.

सहदेवचं एक कार्ड आलं. रुक्मिणीच्या नावाने, पत्ता नसलेलं. 'मी बरा आहे. काळजी करू नको.' ते तिने चाळीतल्या मास्तरणीकडून तीनदा वाचून घेतलं. दादाचं नाव कुठं नव्हतं.

अठ्ठावन्न साली चाळीतला एक साचेवाला सोलापूरला जाऊन आला. तो म्हणाला, सहदेव तिथल्या गिरणीत आहे. लग्न केलंय. रुक्मिणीने नवऱ्याला सांगितलं आणि त्याच माणसाच्या बायकोबरोबर ती सोलापूरला गेली. 'मी येतो' असं काशीराम म्हणाला नाही. 'चला' असं तिनेही म्हटलं नाही.

सहदेवने दार उघडलं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. अंगाने भरला होता, कानाजवळ चार केस पांढरे झाले होते. त्याच्या बायकोने, सुनंदाने, पाय धुवायला पाणी दिलं, गरम भाकरी वाढली. मांडीवर सात महिन्यांची मुलगी होती. रुक्मिणीने तिला घेतलं आणि मग तिला राहवेना.

"सहदेवा, मी आयकललंय. दम होतो. तू माझ्याकडे बघलंस, आणि मी..."

"वयनी, जेव."

"माका बोलू दी."

"नको बोलू. तू काय करतलंस? तुझो घोव आसा तो." तो मुलीच्या पायातलं वाळं सारखं करत राहिला. "माझो दादार राग नाय. राग आसतो तर मी भांडूक इलंय आसतंय."

"मग चल घरा. तो झुरता रे."

सहदेवने मान हलवली. "त्येका हय हाडू नको. तो येतलो, माझ्या पायाशी बसतलो. माका ता बघूक जावचा नाय. आणि मी थय इलंय, तर लोक माका बघतले आणि तो मान खाली घालतलो. कित्याक?"

तिने पुष्कळ सांगून पाहिलं. तीन दिवस राहिली. त्याने तिला सिद्धेश्वराच्या देवळात नेलं, मुलीसाठी तिच्या हातून झबलं शिवून घेतलं, स्टेशनवर पोचवायला आला. गाडी हलली तेव्हा तो लगेच वळून गेला नाही, एवढंच तिने मनात धरून आणलं.

घरी आली तेव्हा काशीराम पाळीवरून येऊन बसला होता. त्याने चूल पेटवून भात टाकला होता, थोडा करपला होता. तिने पाय धुतले. तो विचारीत गेला, ती सांगत गेली.

"आंगान बरो आसा?"

"बरो आसा. भरलो."

"बायल?"

"सुनंदा. बरी आसा. चेडू झाला, सात महिन्यांचा. नाकान तुमच्यार गेला."

काशीरामच्या ओठांवर काही तरी हललं. मग म्हणाला, "खेळता?"

खेळतो म्हणावं असं तिच्या मनात आलं. "नाय," ती म्हणाली. "सोडल्यान."

त्याने भाताचं भांडं चुलीवरून उतरवलं, झाकण काढलं, पुन्हा ठेवलं.

"मी जावन येव? एकदा?"

रुक्मिणीला सोलापूरची खोली दिसली, मुलीच्या पायातलं वाळं सारखं करणारे ते हात दिसले.

"नको," ती म्हणाली.

का, असं त्याने विचारलं नाही. तेव्हा नाही आणि पुढे सोळा वर्षं, त्याचे डोळे मिटेपर्यंत, कधीच नाही. तिने दोन ताटं घेतली, करपलेला भाग आपल्या ताटात वाढला, वरचा पांढरा भात त्याला दिला, आणि दोघं जेवायला बसली.